उफ्फीत्सीला तीन तास पुरतील का, आणि सगळ्या मॅडोना सारख्याच का दिसतात?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: मे महिन्यात बारा दिवस इटली, त्यात फ्लोरेन्सला पूर्ण दिवस एकच. सोबत पत्नी, चित्रं काढणारी तेरा वर्षांची मुलगी आणि गुडघे दुखणाऱ्या अडुसष्ट वर्षांच्या आई. उफ्फीत्सी या तिथल्या चित्रसंग्रहालयाला तीन तास द्यावेत की नाही, दिले तर काय बघावं, आणि तुमचे मावसभाऊ म्हणाले ते खरं का, की ‘आत सगळीकडे मेरी आणि बाळच आहे, दहा चित्रांनंतर सगळं सारखंच दिसतं’.

मी कलेचा इतिहास शिकवते आणि गेली चौदा-पंधरा वर्षं आठ-दहा जणांचा गट घेऊन फ्लोरेन्सला जाते. गटात चित्रकार असतात, बँकेतून निवृत्त झालेले असतात, नातवंडांना घेऊन आलेल्या आज्या असतात. त्या अनुभवावरून सरळ सांगते: जा, आणि तीनच तास ठेवा. त्याहून जास्त वेळ बहुतेकांना झेपत नाही.

कारण इथली खरी अडचण वेळेची नाही, डोळ्यांची आहे. पाय दुखायला लागले की कळतं, डोळे थकलेले कळत नाहीत. माणूस चालत राहतो, फोटो काढत राहतो, पण दिसणं कधीच थांबलेलं असतं. मी पहिल्यांदा गेले तेव्हा सगळी दालनं बघायचीच असं ठरवून गेले होते. साडेपाच तास फिरले. रात्री खोलीवर वही उघडली, तर सहा-सात चित्रंही धड आठवेनात. बोत्तिचेल्ली या चित्रकाराची व्हीनस, म्हणजे प्रेमाची देवता, आठवत होती, पण तिला मी पुस्तकांतून आधीपासूनच ओळखत होते. म्हणजे तिच्यासमोर उभी राहूनही मी तिच्यात नवीन काही पाहिलं नव्हतं. दोन दिवसांनी पुन्हा तिकीट काढलं आणि सुरुवातीच्या दोन-तीन दालनांतच सकाळ घालवली. आज गटाला मी जे दाखवते, त्याची सुरुवात त्या सकाळी झाली.

आता मावसभावांच्या म्हणण्याकडे येते. ते खोटं बोलत नाहीत. ज्या माणसाला आपले देव माहीत नाहीत, त्याला आपल्या देवळातल्या मूर्तीही सारख्याच वाटतील. आपण मात्र कमरेवर हात आणि पायाखाली वीट दिसली की लगेच विठ्ठल म्हणतो. उंदीर दिसला की गणपती, मोर दिसला की कार्तिकेय किंवा सरस्वती. आयुधावरून, वाहनावरून देव ओळखायची सवय आपल्याला लहानपणापासून असते, आणि या चित्रांना नेमकी तीच सवय लागते. हातात किल्ल्या असतील तर तो पीटर. अंगात बाण घुसलेला तरुण म्हणजे सेबास्टियन. अणकुचीदार दात्यांचं चाक घेतलेली कॅथरीन. तुमच्यापैकी कोणी गोव्याला जाऊन आलं असेल तर जुन्या गोव्याचं से कॅथेड्रल याच कॅथरीनच्या नावाचं आहे. उंटाच्या केसांचं वस्त्र आणि हातात बारीक काठीचा क्रूस असलेला योहान, कधी दाढीवाला तर कधी गुबगुबीत बाळ. तो फ्लोरेन्सचा रक्षक संत, आपल्या भाषेत ग्रामदैवतच, म्हणून पावलोपावली भेटतो. पंख असलेला देवदूत, बहुधा हातात कमळासारखी पांढरी लिली, आणि समोर पुस्तक वाचता वाचता दचकलेली मुलगी दिसली, की तो मेरीला बाळाची वार्ता सांगण्याचा प्रसंग. एवढी शिदोरी आईंना आणि मुलीला विमानातच देऊन ठेवा. आईंना तर ती मुलीपेक्षा लवकर पचेल, असा माझा अनुभव आहे.

यानंतर सुरुवातीच्याच एका दालनात जे आहे, त्याला मी तीन तासांतला अर्धा तास द्यायला सांगते. लोक तिथून बोत्तिचेल्लीकडे धावतात, म्हणून ते दालन बऱ्याचदा शांतही असतं. तिथे तीन प्रचंड मॅडोना, म्हणजे मेरी आणि बाळाची चित्रं, आहेत, चिमाबुए, दूच्चो आणि जॉत्तो या तीन चित्रकारांची. तिन्हींत सिंहासनावर मेरी, मांडीवर बाळ, बाजूला देवदूत आणि मागे सोनं. तिन्ही साधारण 1280 ते 1310 या तीस वर्षांतल्या. ‘सगळं सारखंच’ या तक्रारीची परीक्षा घ्यायला याहून चांगली जागा जगात क्वचितच असेल.

आधी चिमाबुएसमोर उभे राहा. देवदूत एकावर एक रचल्यासारखे आहेत, मेरीच्या वस्त्राच्या घड्या सोन्याच्या रेघांनी आखलेल्या आहेत. ती आई आहे त्यापेक्षा जास्त देवता आहे. मग दूच्चो. हे चित्र 1285 मध्ये एका भजनी मंडळाने सांगून करवून घेतलं. मेरीची स्तोत्रं गाणाऱ्या गृहस्थांचं ते मंडळ होतं. उंची साडेचार मीटर. सहा देवदूत सिंहासन अलगद धरून अधांतरी गुडघे टेकून आहेत. त्यात मेरीच्या गडद निळ्या वस्त्राची सोनेरी कड बघा. ती डोक्यापासून निघते आणि वळणं घेत घेत पायापर्यंत येते, कुठेही न तुटता. एका वर्षी गटातल्या साताऱ्याच्या आजी तिथे थबकल्या आणि म्हणाल्या, “काठ बघा हिचा कसा उतरलाय.” त्यानंतर मी ही कड दुसऱ्या कुठल्या शब्दांत समजावून सांगितलेली नाही.

आणि मग जॉत्तो. इथे थोडं बाजूला सरकून, मेरीचे गुडघे बघा. वस्त्राखाली ते खरोखर आहेत. ती बसली आहे, तिचं वजन आसनावर पडलं आहे, बाळाला धरलेल्या हाताला बाळाचा भार जाणवतो आहे. पुढे गुडघे टेकलेले दोन देवदूत जमिनीवर टेकले आहेत, तरंगत नाहीत. सिंहासनाच्या आत शिरता येईल इतकी जागा आहे. चिमाबुएपासून जॉत्तोपर्यंत चालायला दहा पावलं लागतात. पण त्या दहा पावलांत चित्रातल्या माणसाला हाडं आणि वजन आलं. पुढच्या दोन-अडीचशे वर्षांत मासाच्चोपासून मायकेलअँजेलोपर्यंत जे घडलं, त्याचं बी त्या गुडघ्यांत आहे. ते एकदा दिसलं की मॅडोना सारख्या वाटत नाहीत, कारण मग आपण विषय बघत नाही, तो विषय कोणी कसा सोडवला ते बघतो. एकच चीज दोन गवयांकडून ऐकल्यावर आपण ‘तीच चीज पुन्हा’ म्हणत नाही ना, तसंच.

मुलगी चित्रं काढते, म्हणून तिला एक गोष्ट जवळून दाखवा. ही चित्रं कॅनव्हासवर नाहीत, लाकडी फळ्यांवर आहेत. फळीवर गेसोचे, म्हणजे सरस घातलेल्या पांढऱ्या लेपाचे थर, सोन्याच्या जागी तांबूस मातीचा लेप, त्यावर सोन्याचा वर्ख, मग तो घोटून चकाकी. रंग अंड्याच्या बलकात कालवलेले, ते लगेच वाळतात, म्हणून छटा बारीक बारीक रेघांनी भरावी लागते. चेहऱ्यांवर कुठे कुठे हिरवट झाक दिसेल. तो आजार नाही आणि रंग खराबही झालेला नाही. त्वचेखाली आधी हिरव्या मातीचा थर देत, आणि शतकांनंतर वरचा गुलाबी झिजला की तो डोकावतो. गडद निळा बहुतेकदा अफगाणिस्तानातून आलेल्या लाजवर्द दगडाचा, त्या काळच्या सगळ्यात महागड्या रंगांपैकी एक, म्हणून तो मेरीसाठी राखलेला.

पुढची काही दालनं भरभर. सिमोने मार्तिनीच्या 1333 च्या चित्रात देवदूताच्या तोंडातून सोन्याची अक्षरं निघून मेरीच्या कानाकडे जातात, ते मुलांना फार आवडतं. जेन्तीले दा फाब्रियानोच्या 1423 च्या चित्रात बाळ येशूला भेटायला आलेल्या राजांच्या मिरवणुकीत माकडं, उंट, चित्ते शोधायला लावा. पिएरो देल्ला फ्रान्चेस्काने काढलेले उर्बिनोचे ड्यूक आणि डचेस आकाराने लहान आहेत, गर्दीत सुटतात, पण सोडू नका. ड्यूकचा उजवा डोळा एका स्पर्धेत गेला होता, म्हणून तो फक्त डाव्या बाजूने दिसतो. नाकाच्या मुळाशी खाच आहे, गालावर चामखिळी आहेत. चित्रकाराने त्यातलं काही लपवलं नाही, आणि ड्यूकनेही लपवायला सांगितलं नाही. फळ्यांच्या मागची बाजूही रंगवलेली आहे, तेव्हा मागे जाऊन या.

बोत्तिचेल्लीच्या दालनात गर्दी असणारच. तिथे माझा नेम असा: व्हीनससमोरच्या घोळक्यात न शिरता आधी ‘प्रिमावेरा’कडे जायचं आणि ते उजवीकडून डावीकडे वाचायचं. उजव्या कडेला निळसर अंगाचा वारा एका मुलीला धरतो आहे, तिच्या तोंडातून फुलं निघताहेत, आणि तिच्या शेजारची फुलांच्या झग्यातली स्त्री म्हणजे तीच मुलगी, वसंताची देवी झालेली. मध्ये व्हीनस, वर डोळे बांधलेला बाण मारणारा मदन, मग हात गुंफून नाचणाऱ्या तिघी, आणि अगदी डावीकडे काठीने ढग हटवणारा देवांचा दूत मर्क्युरी. मदन आणि वसंत बरोबर येतात हे आपल्याला वेगळं सांगावं लागत नाही. मग व्हीनसकडे या. चित्राचं नाव जन्माचं असलं तरी ती शिंपल्यात उभी राहून किनाऱ्याला लागते आहे, आणि तिला पांघरूण द्यायला एक जण धावते आहे. तिची मान जरुरीपेक्षा लांब आहे, डावा खांदा उतरता आहे, आणि ती ज्या तऱ्हेने उभी आहे तसं उभं राहिलं तर माणूस पडेल. जॉत्तोने कमावलेलं वजन बोत्तिचेल्लीने दीडशेहून अधिक वर्षांनी जाणूनबुजून सोडून दिलं. त्याला रेषा हवी होती. मुलीला तिथे विचारा, हा चुकला का? माझ्या विद्यार्थ्यांत या प्रश्नावर अर्धा अर्धा तास वाद झाले आहेत.

लिओनार्दोच्या दालनात आधी ‘येशूचा बाप्तिस्मा’ बघा. चित्र त्याचे गुरू व्हेर्रोक्यो यांचं, पण डावीकडच्या कडेचा देवदूत शिष्याने, म्हणजे तरुण लिओनार्दोने, काढला. तेव्हा तो विशीच्या आसपास होता. शेजारी शेजारी दोन देवदूत आहेत. कोणता कोणाचा, हे आईंना आणि मुलीला आधी न सांगता ओळखायला लावा. केसांकडे आणि मानेच्या वळणाकडे बघितलं की बहुतेकांना कळतं. सोळाव्या शतकातला वास्तुकार आणि चित्रकारांची चरित्रं लिहिणारा जॉर्जो व्हासारी लिहितो की तो देवदूत पाहून गुरूंनी पुन्हा रंगाला हात लावला नाही. हे शब्दशः घडलं असेल असं मला वाटत नाही, पण फरक मात्र व्हासारी सांगतो तसाच डोळ्यांत भरतो. त्याच दालनात लिओनार्दोने 1481-82 च्या सुमारास अर्धवट सोडलेलं राजांच्या भेटीचं मोठं चित्र आहे, नुसतं तपकिरी. शिकणाऱ्या हातासाठी संग्रहालयातलं सगळ्यात मोलाचं चित्र माझ्या मते हेच, कारण चित्र आतून कसं उभं राहतं ते इथे उघडं आहे. मुलीला छोटी वही आणि पेन्सिल द्या आणि पंधरा मिनिटं तिथेच सोडा. माझ्या विद्यार्थ्यांना अशा वेळी कधी कोणी अडवलेलं नाही.

आई या वेळेला बाहेरच्या लांब ओसरीत बाकावर बसलेल्या बऱ्या. वर छतावर बारीक वेलबुट्टी आहे, दोन्ही बाजूंना रोमन पुतळे आहेत, आणि नदीकडच्या टोकाला खिडकीतून आर्नो आणि पोन्ते वेक्क्यो पूल दिसतो. पुलावरून गेलेला तो बंदिस्त मार्ग 1565 मध्ये व्हासारीने पाच महिन्यांत बांधला, मेदिची या इथल्या राजघराण्याला रस्त्यावर न उतरता नदीपलीकडच्या महालात जाता यावं म्हणून. वाटेत त्रिबुना ही अष्टकोनी खोली लागेल. आत सोडत नाहीत, दारातूनच बघायची. छताला शिंपले, भिंती लाल मखमलीच्या.

मायकेलअँजेलोचं एक गोल चित्र इथे आहे, आन्योलो दोनी नावाच्या व्यापाऱ्यासाठी केलेलं. त्यातल्या वस्त्रांवर एकाच घडीत पिवळा आणि केशरी, निळा आणि पांढरा असे रंग पालटतात. तुमच्या पत्नी किंवा आई लगेच ओळखतील, ते धूपछाव आहे. राफाएलच्या गोल्डफिंच पक्ष्याच्या मॅडोनासमोर गटाला मी एक गोष्ट सांगते. 1547 मध्ये ते चित्र ज्या घरात होतं ते घर कोसळलं आणि फळीचे सतरा तुकडे झाले. खिळे ठोकून ते जोडले गेले, वर रंग चढले, आणि जवळजवळ दहा वर्षांच्या दुरुस्तीनंतर 2008 मध्ये ते खऱ्या रंगांत पुन्हा लोकांसमोर आलं. आता जोड शोधून सापडत नाहीत. ज्यांनी ते काम केलं त्यांची चिकाटी आठवली की मला राफाएलइतकाच त्यांच्याविषयी आदर वाटतो.

खालच्या मजल्यावर टिशियन आणि काराव्हाज्जो, शिवाय आर्तेमिझिया जेन्तिलेस्कीची युदिथ. तोवर अडीच तास झालेले असतील. काराव्हाज्जोची ढालीवरची मेदुसा, केसांच्या जागी साप असलेली राक्षसी, पाच मिनिटं बघा. आर्तेमिझियाच्या चित्रात दोन बायका एका सेनापतीचं मुंडकं कापताहेत, रक्त अगदी खरं आहे; मुलीला दाखवायचं की नाही हे तुम्ही तिच्याकडे बघून ठरवा. मी दाखवलं असतं, कारण सतराव्या शतकात एक बाई एवढ्या ताकदीने चित्र काढत होती हे चित्र काढणाऱ्या मुलीने पाहिलेलं बरं.

व्यवस्थेचं आता. सोमवारी उफ्फीत्सी बंद असतं, आणि मायकेलअँजेलोचा डेव्हिड हा पुतळा जिथे आहे ते अकादेमियाही. डेव्हिड उफ्फीत्सीत नाही; चौकात आहे ती प्रतिकृती. तिकीट संग्रहालयाच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून, वेळ ठरवून काढा. तशाच दिसणाऱ्या इतर बऱ्याच संकेतस्थळांवर दाम जास्त पडतो. अठरा वर्षांखालच्यांना प्रवेश मोफत आहे, पण मुलीचं नावही आरक्षणात घाला आणि तिचा पासपोर्ट जवळ ठेवा. महिन्याचा पहिला रविवार सगळ्यांना मोफत असतो, आईंना घेऊन त्या दिवशी मुळीच जाऊ नका. वेळ सकाळची पहिली घ्या. चित्रं वरच्या मजल्यावर सुरू होतात आणि जिना खरोखर उंच आहे. आत शिरल्या शिरल्या कर्मचाऱ्यांना गुडघ्याचं सांगून लिफ्ट मागा. मोठी सॅक आणू नका, ती जमा करण्यात वेळ जातो. दालनांचे क्रमांक मी मुद्दाम दिले नाहीत, ते बदलत असतात, आणि एखादं चित्र दुरुस्तीला किंवा बाहेरगावी गेलेलंही असू शकतं. दारात नकाशा घेऊन आधी विचारून घ्या. डेव्हिड दुपारी जेवून, आईंची विश्रांती झाल्यावर. तिथे तासभर पुष्कळ.

आई दोन तासांतच दमल्या तर? तर खालचा मजला सोडा. वरच्यातही कमी करायचं असेल तर तीन मॅडोना, प्रिमावेरा आणि लिओनार्दोचं अपुरं चित्र, एवढंच ठेवा. बाकी काही सुटलं तरी माझ्या मते हे सुटू नये.

एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, पण मराठी माणसाला सांगावीशी वाटते. या संग्रहाचा गाभा मेदिची घराण्याचा. उफ्फीत्सी म्हणजे कचेऱ्या. 1560 मध्ये व्हासारीने कोझिमो पहिला याच्यासाठी सरकारी कचेऱ्यांची ही इमारत बांधायला घेतली. घराण्याची शेवटची वारस आन्ना मारिया लुईसा हिने 1737 मध्ये करार करून ठेवला की यातली एकही वस्तू फ्लोरेन्सबाहेर जाता कामा नये. इतर राजघराण्यांचे संग्रह विकले गेले, लुटले गेले, हा राहिला, आणि 1769 पासून लोकांना खुला आहे. तिचे वडील कोझिमो तिसरे. जुन्या गोव्यात बॉम जेझूस बॅसिलिकात सेंट फ्रान्सिस झेवियरचं शव ज्या रंगीत संगमरवरी चौथऱ्यावर आहे, तो यांनीच फ्लोरेन्सच्या शिल्पकाराकडून, फोज्जिनीकडून, घडवून पाठवला. सतराव्या शतकाच्या शेवटी तो जहाजाने गोव्याला पोचला. त्रिबुनाची फरशी आणि हा चौथरा, दोन्हींत दगडाचं नाजूक काम बघायला मिळतं.

आणि संध्याकाळी आईंच्यात त्राण असेल तर टॅक्सी करून शहराच्या पश्चिमेला कास्चिने बागेच्या अगदी टोकाला जा, जिथे मुन्योने ओढा आर्नोला मिळतो. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज इंग्लंडहून परतताना 30 नोव्हेंबर 1870 रोजी फ्लोरेन्समध्ये वारले, जेमतेम विशीतले. हिंदू रीतीप्रमाणे संगमावर दहन व्हावं म्हणून ती जागा निवडली, आणि 1874 मध्ये तिथे छत्री उभी राहिली. आत फुलर या शिल्पकाराने केलेला त्यांचा रंगवलेला अर्धपुतळा आहे. छत्रीचा आराखडा मेजर मँट यांचा, ज्यांनी पुढे कोल्हापूरचा नवा राजवाडा आखला. टॅक्सीवाल्याला महाराजांचं नाव कळणार नाही. ‘इंदियानो’ म्हणा, शेजारच्या पुलालाही तेच नाव आहे, तो बरोबर नेऊन सोडेल.